कुलकर्णी, जी. ए. : आप्तांचे मृत्यू आणि काळोखी कथा

(१० जुलै १९२३–११ डिसेंबर १९८७). मराठी कथाकार. पूर्ण नाव गुरुनाथ आबाजी कुलकर्णी. बालपण व शिक्षण बेळगावात. पुढे सुमारे तीन दशके धारवाडला इंग्रजीचे प्राध्यापक. आईवडिलांचे छत्र कोवळ्या वयात हरपले, त्यामागोमाग बहिणीही गेल्या. मावशीच्या घराने त्यांना आधार दिला आणि प्रभावती व नंदा या मावसबहिणींसह त्यांचे घर उभे राहिले. ते अविवाहित राहिले. सभा-संमेलने, मुलाखती त्यांनी कटाक्षाने टाळल्या. माणसांशी त्यांचा मोकळा संवाद झाला तो पत्रांतून, विशेषतः सुनीताबाई देशपांडे यांच्याशी.

‘सत्यकथा’ मासिकातून त्यांचे नाव झाले. नवकथेचा बहर ओसरू लागला होता, तेव्हा ‘निळासावळा’ (१९५९) आला. ‘पारवा’ (१९६०), ‘हिरवे रावे’ (१९६२) आणि ‘रक्तचंदन’ (१९६६) या पुढच्या संग्रहांतही बेळगाव-धारवाडकडची घरे, कानडी वळणाची मराठी बोलणारी माणसे आणि त्यांच्यावर अवचित कोसळणारे आघात आहेत. पोरकी मुले, खंगत गेलेल्या बायका, कर्त्या माणसाच्या जाण्याने उघडी पडलेली घरे येथे वारंवार भेटतात. ज्याने प्रेतयात्रा लहानपणी उंबरठ्यात उभे राहून पाहिल्या, त्यालाच मरणानंतरच्या घराचे इतके बारकावे ठाऊक असतात, असे या कथा वाचताना वाटते.

तरीही त्यांच्या कथेला सरळ आत्मकथन मानणे चुकीचे ठरेल. ‘कैरी’ ही कथा याचा उत्तम दाखला. आई गेल्यावर मावशीकडे आलेला मुलगा, त्याला जीव लावणारी मावशी आणि त्याच्या डोळ्यांदेखत झालेली तिची होरपळ असा तिचा गाभा आहे. पोरकेपण आणि मावशीचा आसरा लेखकाच्या आयुष्यातलाच. पण कथेत रडगाणे नाही, कोणाकडे दाद मागणेही नाही. मुलाला सारे दिसते, त्याच्या हातात मात्र काही नसते. वैयक्तिक दुःखाला जी. एं.नी दिलेले रूप हेच : दुःख कोणाच्या दुष्टपणाने आले, हा प्रश्न मागे पडतो आणि ते माणसाच्या वाट्याला येतेच का, हा प्रश्न उरतो. अमोल पालेकर यांच्या ‘कैरी’ चित्रपटात (२०००) या मुलाच्या जागी मुलगी आहे.

‘काजळमाया’ (१९७२), ‘सांजशकुन’ (१९७५), ‘रमलखुणा’ (१९७५) आणि ‘पिंगळावेळ’ (१९७७) यांत घरगुती मरण मागे पडून दृष्टान्त आणि पुराणकथा पुढे येतात. मृत पत्नीला परत आणायला निघालेला ग्रीक ऑर्फियस त्यांना पुन्हा लिहावासा वाटला, यामागे स्वतःची गेलेली माणसे असावीत, असे प्रस्तुत नोंदलेखकाला वाटते. ‘स्वामी’मध्ये मठाच्या आत कायमचा कोंडलेला माणूस एक वेल वाढवतो. सुटका नसते, वेल मात्र बाहेर पडते. जी. एं.ना केवळ निराशावादी म्हणणाऱ्यांनी ही कथा नीट वाचलेली नाही.

‘काजळमाया’ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पुस्तकाच्या प्रकाशनकाळावरून वाद झाल्यावर त्यांनी तो परत केला. कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्यांचे त्यांचे अनुवादही (‘रान’, ‘गाव’, ‘शिवार’) वाचनीय आहेत. पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यानंतर आलेल्या ‘माणसे : अरभाट आणि चिल्लर’मध्ये (१९८८) लहानपणीच्या माणसांच्या आठवणी आहेत, तर नंदा पैठणकर यांच्या ‘प्रिय बाबुआण्णा’त बहिणीच्या नजरेतून दिसलेले घरातले जी. ए. आहेत. नव्या वाचकाने ही दोन पुस्तके ‘पिंगळावेळ’च्या नंतर वाचावीत, आधी चरित्र वाचले, तर कथेत फक्त लेखकाचे दुःख शोधण्याची सवय लागते.