न थांबणारा हुकूम

निरोगी पेशीला वाढीचा हुकूम मिळतो आणि काम झालं की तो थांबतो. तो थांबलाच नाही तर काय होतं, हे मी क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या इतिहासातून सांगणार आहे.

१९६० साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक खुजं गुणसूत्र आढळलं. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं, की ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांनी आपले तुकडे बदलले आहेत. त्या सांध्यातून बनणारं प्रथिन पेशीला ‘वाढ, वाढ’ असं अखंड बजावतं.

त्याचं तोंड बंद करणाऱ्या इमॅटिनिब या औषधाला २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. जीवघेणा आजार अनेकांच्या बाबतीत रोजच्या गोळीने आटोक्यात आला.

पण त्याच वर्षी चार्ल्स सॉयर्स यांच्या गटाने आजार उलटलेले रुग्ण तपासले. नऊपैकी सहा जणांत प्रथिनाचा एकच घटक बदलला होता. औषध तिथे बसेना. हुकूम पुन्हा सुरू! २०१२ मध्ये त्यावरही पोनॅटिनिब आलं.

मला यात एक इशारा दिसतो : गोळी लागू पडली, तरी रक्ततपासणी चुकवू नये.