गिरणी कामगार युनियनमधील फूट (१९२८-१९३१) : एक पुनर्विचार

भारतीय कामगार चळवळीचा इतिहास शिकविताना आपण १९२९ ची नागपूरची फूट आणि १९३१ ची कलकत्त्याची फूट या दोन घटना बहुधा विचारसरणींचा संघर्ष म्हणून सांगतो आणि पुढे जातो. एकीकडे नेमस्त, दुसरीकडे कम्युनिस्ट, मध्ये राष्ट्रवादी, अशी ही सोयीची मांडणी आहे. ती चुकीची नाही. परंतु अपुरी आहे. या दोन्ही फुटींचा एक धागा मुंबईच्या परळ-लालबागमधील गिरणी कामगार युनियनपर्यंत जातो. तो धागा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

युनियनचा जन्मच मुळी एका फुटीतून झाला. १९२३ च्या अखेरीस स्थापन झालेल्या गिरणी कामगार महामंडळात अर्जुन आत्माराम आळवे व कासले हे कामगारांमधून पुढे आलेले कार्यकर्ते होते. १९२८ मध्ये मालकांनी विणकराकडे दोनऐवजी तीन माग देण्याची पद्धत आणली, तेव्हा सार्वत्रिक संप करावा की नाही या प्रश्नावर महामंडळ दुभंगले. मयेकरांचा गट संपापासून दूर राहिला, तर आळवे, कासले हे डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर यांच्याबरोबर गेले. मे १९२८ मध्ये लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन अस्तित्वात आली. आळवे अध्यक्ष व श्रीपाद अमृत डांगे सरचिटणीस झाले. एप्रिल ते ऑक्टोबर असा जवळजवळ सहा महिने चाललेला, सुमारे दीड लाख कामगारांचा संप ना. म. जोशी यांची संघटना व ही नवी युनियन यांच्या संयुक्त समितीने लढविला. त्याच वर्षाच्या अखेरीस युनियनची सभासदसंख्या ५४,००० च्या घरात गेल्याची सरकारी नोंद आहे.

ही संख्या कशामुळे वाढली? केवळ भाषणांमुळे नव्हे. गिरणीगणिक ज्या समित्या उभ्या राहिल्या त्यांनी जॉबरच्या मनमानीला प्रथमच आव्हान दिले. मात्र या एकजुटीत एक जुनी भेग होती. अधिक मजुरीच्या माग खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो, हे त्याचे कारण सांगितले जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न १९२८ च्या संपकाळातच नेत्यांपुढे ठेवला आणि पुढाऱ्यांनी तो नाइलाजाने स्वीकारला. १९२९ च्या संपाला आंबेडकरांनी विरोध केला, याची पार्श्वभूमी येथे आहे. आमच्या पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट दलित चळवळीच्या प्रकरणात येते, कामगार चळवळीच्या प्रकरणात क्वचितच. हा विभाग कोणी व कशासाठी केला हेही एकदा विचारले पाहिजे.

२० मार्च १९२९ रोजी मीरत खटल्यासाठी देशभर अटका झाल्या. युनियनचे बहुतेक सर्व पुढारी, आळवे व कासले यांच्यासह, एकाच दिवशी तुरुंगात गेले. सूत्रे एस. व्ही. देशपांडे व बी. टी. रणदिवे या तरुणांकडे आली. गिरणी समित्यांच्या कार्यकर्त्यांना कामावरून कमी केल्याच्या प्रश्नावर एप्रिलमध्ये पुकारलेला दुसरा सार्वत्रिक संप सप्टेंबरपर्यंत रेटला गेला व पूर्णपणे फसला. चौकशी न्यायालयाने दोष युनियनवर ठेवला. सभासद झपाट्याने गळाले.

विरोधाभास असा की, गिरण्यांत युनियन मोडत असतानाच मध्यवर्ती संघटनेत तिचे वजन वाढत होते. नोव्हेंबर १९२९ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली नागपूरला भरलेल्या आयटकच्या अधिवेशनात व्हिटली आयोगावर बहिष्काराचा ठराव झाला, तेव्हा ना. म. जोशी, व्ही. व्ही. गिरी, दिवाण चमनलाल प्रभृती बाहेर पडले. डाव्यांच्या बहुमतात या युनियनचा वाटा मोठा होता आणि नवे सरचिटणीस देशपांडे हेच झाले. कागदावरील सभासदांच्या बळावर मिळविलेला हा विजय होता, असे माझे मत आहे.

पुढील फूट युनियनच्या आतच पडली. मॉस्कोच्या १९२८ नंतरच्या धोरणानुसार देशपांडे-रणदिवे गटाने काँग्रेसला भांडवलदारांचा पक्ष मानून सविनय कायदेभंगापासून अंतर ठेवले. गिरणगावातील अनेक कामगार मात्र त्या आंदोलनाकडे ओढले जात होते. अध्यक्ष जी. एल. कांदळकर हे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या अनुयायांच्या बाजूला गेले. परिणामी एकाच नावाच्या दोन कार्यकारिणी झाल्या. जुलै १९३१ मध्ये सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली कलकत्त्यास अधिवेशन भरले, तेव्हा खरी गिरणी कामगार युनियन कोणाची हाच वाद प्रथम उभा राहिला. अधिकारपत्र समितीने कांदळकर गटाचे प्रतिनिधी मान्य केले. देशपांडे-रणदिवे गट बाहेर पडला व त्याने लाल ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन केली. अशा रीतीने पावणेदोन वर्षांत देशात तीन मध्यवर्ती कामगार संघटना झाल्या.

कामगारांचा प्रतिनिधी कोण, हे ठरविण्याची रीत कोणत्याच गटाने घालून दिली नव्हती. गिरणीत मतदान घेऊन हा प्रश्न सोडविता आला असता. तो समितीच्या खोलीत सोडविला गेला. पुढे मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६ याने ‘प्रातिनिधिक युनियन’ ही संकल्पना आणली. तीही गुप्त मतदानावर नव्हे, तर नोंदवलेल्या सभासदसंख्येवर आधारलेली होती. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपातही राष्ट्रीय मिल मजदूर संघाची हीच मान्यता वादाच्या केंद्रस्थानी होती. १९३४ च्या सार्वत्रिक संपात दुरावलेले गट पुन्हा एकत्र आले आणि १९३५ मध्ये लाल ट्रेड युनियन काँग्रेस आयटकमध्ये विलीन झाली.