वेगनियोजन

अतितीव्र व्यायामात किंवा शर्यतीत शरीराजवळची ऊर्जा संपूर्ण अंतरावर वाटून खर्च करण्याची पद्धत. वेग आणि दमसास यांच्या संबंधाचा शास्त्रीय अभ्यास ए. व्ही. हिल यांनी 1920 च्या दशकात केला. 1965 मध्ये मोनो व शेरेर यांनी क्रांतिक शक्तीची संकल्पना मांडली. या मर्यादेखालचे श्रम दीर्घकाळ टिकतात; तिच्यावर गेल्यास ऊर्जेचा एक लहान, ठरावीक साठाच हाताशी असतो (पहा : ऑक्सिजन-ऋण).

सुरुवात जोरात केल्यास स्नायूंचा ऑक्सिजन-वापर लवकर वाढतो व हा साठा काही काळ वाचतो. ती अति जोरात झाल्यास मात्र फॉस्फोक्रिएटीन झपाट्याने घटते, स्नायूंत हायड्रोजन आयन व फॉस्फेट साचतात आणि धावपटूची पावले आखूड पडू लागतात (पहा : थकवा, स्नायू).

800 मीटर धाव हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये केनियाच्या डेव्हिड रुडिशाने 1 मिनिट 40.91 सेकंदांचा विश्वविक्रम केला, त्यात पहिली फेरी 49.28 व दुसरी 51.63 सेकंदांची होती. अखेरच्या 200 मीटरला 26.61 सेकंद लागले. प्रेक्षकांना वाढल्यासारखा भासणारा वेग तेथे बहुधा घटलेलाच असतो. लांब पल्ल्यात समान वेग अधिक अनुकूल ठरतो (पहा : मॅरेथॉन शर्यत).