चंद्रावर लाखो खड्डे, पृथ्वीवर जेमतेम दोनशे: ग्रहांचे चेहरे कशामुळे बदलतात?

साध्या दुर्बिणीतून चंद्र पाहिला की पहिला प्रश्न हमखास येतो: एवढे खड्डे कसले? मला त्याच्या पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. चंद्र आपला शेजारी. त्याच्यावर अंतराळातल्या दगडांचा मारा झाला तसा पृथ्वीवरही झाला, उलट पृथ्वी मोठी आणि तिचं गुरुत्वाकर्षण जास्त, म्हणून जास्तच झाला. तरी चंद्रावर एक किलोमीटरहून मोठी विवरं लाखांनी मोजावी लागतात आणि पृथ्वीवर खात्रीने ओळखलेली आघाती विवरं सगळी मिळून दोनशेच्या आसपास. असं का?

कारण पृथ्वी आपले व्रण पुसते, चंद्राला ते जमत नाही. कुठल्याही खडकाळ ग्रहाचा किंवा उपग्रहाचा पृष्ठभाग मुख्यतः चार गोष्टींनी घडतो: बाहेरून आदळणारे दगड, आतून वर येणारा लाव्हा, कवचाचं ताणलं किंवा दाबलं जाणं, आणि वारा, पाणी, बर्फ यांनी होणारी झीज. पहिली गोष्ट सगळीकडे चालू असते. बाकीच्या तीन किती जोरात चालतात, यावर चेहरा ठरतो.

बशीतला चहा आणि पातेल्यातला चहा

लाव्हा वर यायला आणि कवच हलायला आतली उष्णता लागते. ती दोन ठिकाणांहून येते: ग्रह तयार होतानाची शिल्लक, आणि युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांच्या किरणोत्सारातून सतत मिळणारी. ती बाहेर पडते मात्र पृष्ठभागातून. पिंड लहान असेल तर आतल्या ऐवजाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, म्हणून तो लवकर निवतो. पातेल्यातला चहा गरम राहतो आणि कपातला गार होतो, तेच गणित.

चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर, म्हणजे तो कपातला चहा. त्याच्यावरचे लाव्ह्याचे मोठे पूर बहुतेक ३ अब्ज वर्षांपूर्वीच ओसरले. आपल्याला चंद्रावर जो ससा दिसतो, तो म्हणजे त्या पुरांचा थिजलेला बेसॉल्ट. सह्याद्रीच्या काळ्या कातळाच्याच जातकुळीतला. बुध निवता निवता आकसला. त्याची त्रिज्या काही किलोमीटरने घटली आणि सुकलेल्या सीताफळाच्या सालीसारख्या सुरकुत्या पडल्या. तिथे शेकडो किलोमीटर लांबीचे कडे आहेत.

मंगळ मधला. त्याच्यावर ऑलिंपस मॉन्स हा सुमारे २२ किलोमीटर उंच ज्वालामुखी आहे. एवढा उंच का? पृथ्वीवर कवचाचे भूपट्ट सरकतात. हवाई बेटांखाली लाव्ह्याचा उगम जागेवर असतो, पण वरचा पट्ट पुढे जातो, म्हणून एकाच्या जागी बेटांची रांग तयार होते. मंगळावर असे सरकते पट्ट नाहीत. लाव्हा एकाच जागी साचत राहिला.

शुक्र तर जवळजवळ पृथ्वीएवढाच. दाट ढगांमुळे वरून काही दिसत नाही, म्हणून १९९० ते १९९४ दरम्यान मॅगेलन यानाने रडारने त्याचा नकाशा केला. विवरं निघाली हजाराच्या आसपास, तीही सगळीकडे सारखी विखुरलेली. म्हणजे बहुतेक पृष्ठभाग साधारण ३० ते ७० कोटी वर्षांमागे नव्याने लिंपला गेला असावा. एकदम की हळूहळू, यावर अजून वाद आहे. २०२३ मध्ये संशोधकांनी मॅगेलनच्याच जुन्या चित्रांत एक गोष्ट दाखवून दिली: १९९१ सालच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात माट मॉन्स या ज्वालामुखीच्या एका मुखाचा आकार बदलला होता. पुरावा तीस वर्षं कपाटातच होता!

मग लहान पिंड म्हणजे मेलेला पिंड, हे गणित पक्कं का? नाही. गुरूचा उपग्रह आयो चंद्राहून किंचितच मोठा. मार्च १९७९ मध्ये व्हॉयेजर-१ तिथून गेलं आणि लिंडा मोराबिटो यांना एका चित्रात आयोच्या कडेवर ज्वालामुखीचा फवारा दिसला. गंमत म्हणजे काहीच दिवस आधी तीन शास्त्रज्ञांचा लेख छापून आला होता: गुरूच्या ओढीने आयो सतत दाबला-ताणला जातो, त्या घर्षणाने तो आतून वितळलेला असावा. आयोवर आज एकही आघाती विवर दिसत नाही, इतक्या वेगाने तो स्वतःला सारवतो.

खड्डे मोजून वय सांगतात, पण किती खरं?

यातूनच वय काढायची युक्ती निघाली. जुन्या जमिनीवर खड्डे जास्त, नव्या जमिनीवर कमी. पण खड्ड्यांच्या संख्येवरून फक्त 'ही त्याहून जुनी' एवढंच कळतं. वर्षांचा आकडा हवा तर कुठलातरी दगड प्रयोगशाळेत आणावा लागतो. अपोलोच्या सहा मोहिमांनी १९६९ ते १९७२ मध्ये ३८२ किलो माल आणला आणि त्यावर ही मोजपट्टी बसवली. त्यात मध्येच मोठी फट होती: साधारण ३ ते १ अब्ज वर्षांमधलं काही हाती नव्हतं. २०२० मध्ये चँग-ई ५ ने २ अब्ज वर्षांचा बेसॉल्ट आणला, तेव्हा त्या फटीत पहिला टेकू मिळाला.

मंगळ आणि बुधासाठी हीच चंद्राची मोजपट्टी जुळवून वापरतात. मंगळावरून उडालेले अशनी पृथ्वीवर सापडलेत, १८६५ साली बिहारमधल्या शेरघाटीला पडलेला त्यातलाच. पण ते मंगळावरच्या नेमक्या कुठल्या पठारावरचे, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून 'हा प्रदेश ३.५ अब्ज वर्षांचा' असं वाचलं की मी मनात 'अंदाजे' जोडतो.

लोणार का महत्त्वाचं?

चंद्र-मंगळावरची पुष्कळ विवरं बेसॉल्टमध्ये आहेत. पृथ्वीवर बेसॉल्टमधलं आणि इतकं नीट टिकलेलं विवर म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार. व्यास सुमारे १.८ किलोमीटर. आधी बरेच जण ते ज्वालामुखीचं मानत. १९७०च्या दशकात तिथल्या दगडांत मॅस्केलिनाइट सापडलं. ही काच आघाताच्या प्रचंड दाबानेच तयार होते, ज्वालामुखीत नाही. (हे द्रव्य पहिल्यांदा ओळखलं गेलं ते त्या शेरघाटीच्या अशनीत.) झीज तिथेही चालूच आहे: ईशान्येकडची धारेची घळ पाण्यानेच कोरलेली आहे.

आणि वय? एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षं आलं. आघातात वितळून थिजलेल्या दगडाला तापवल्यावर तो किती चमकतो, यावरून ते काढलं होतं. २०११ मध्ये आर्गॉन पद्धतीने आलं सुमारे ५ लाख ७० हजार. दहापटीचा फरक, तोही दगड हातात असताना! आर्गॉन पद्धतीतही एक खोच आहे: मूळचा बेसॉल्ट ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि त्यातला जुना आर्गॉन वितळल्यावरही थोडा अडकून राहतो. तो वजा केला नाही तर वय फुगतं. संशोधकांनी तो वजा करूनच आकडा दिला, म्हणून मला तो जास्त पटतो. इंटरनेटवर ५२ हजार अजूनही सर्रास सापडतो. तिथे कुठली पद्धत वापरली होती, तेवढं मात्र पाहून घ्या.