आंतरराज्य पोलीस प्रशिक्षण अनुदान (भंडारा–बालाघाट सीमा)

एका राज्यातील पोलिसांना दुसऱ्या राज्यात जाऊन शिकता यावे, शेजारच्या दलाबरोबर सराव करता यावा आणि परस्परांची कामाची रीत समजून घेता यावी, यासाठी शासनाकडून मिळणारा निधी. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत ‘पोलीस’ हा विषय राज्यसूचीत येतो. भरती, पगार आणि पायाभूत प्रशिक्षण राज्य सांभाळते. राज्याबाहेरच्या प्रशिक्षणाचा बराच भार मात्र केंद्राच्या योजना उचलतात. या पैशाचा एक भाग जिल्ह्यांच्या याद्यांनुसार वाटला जातो. सीमेवरच्या पण यादीबाहेरच्या जिल्ह्याचे त्यामुळे काय होते, ते भंडाऱ्यात पाहायला मिळते.

भंडाऱ्याच्या उत्तरेला मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा आहे. मुळात बालाघाट जिल्हा 1867 मध्ये भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे भाग काढूनच तयार करण्यात आला. 1956 पर्यंत दोन्ही जिल्हे एकाच प्रांतात, एकाच पोलीस खात्याखाली होते. राज्यपुनर्रचनेत भंडारा मुंबई राज्यात गेला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. व्यवहार मात्र तुटला नाही. तुमसर रोडहून निघणारी रेल्वे बालाघाट जिल्ह्यातील तिरोडीला जाते, बावनथडी प्रकल्पाचे पाणी दोन्ही राज्ये वाटून घेतात आणि डोंगरी बुजुर्ग, चिखला व तिरोडी या मँगनीज खाणी एकाच पट्ट्यात आहेत. गोबरवाही किंवा सिहोरा ठाण्याच्या शिपायाला वाळूची चोरटी वाहतूक, दारू, जनावरांची ने-आण किंवा फरार आरोपी यांचा माग काढताना पलीकडच्या ठाण्याशी बोलावेच लागते. आरोपीचा पाठलाग करत देशात कोठेही जाऊन त्याला पकडण्याची मुभा 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 48 ने दिलेली होती. पण पलीकडची वाट, बोली, ठाण्याची हद्द आणि तिथला माणूस ओळखीचा असावा लागतो, आणि ती ओळख कायद्याने होत नाही; ती एकत्र प्रशिक्षणातून घडते.

पोलीस प्रशिक्षणाचा देशपातळीवर सखोल विचार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष एक मराठी समाजशास्त्रज्ञ होते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे तत्कालीन संचालक मा. स. गोरे यांच्या अध्यक्षतेखाली 1971 मध्ये ही समिती नेमली गेली. शिपायापासून वरिष्ठ अधिकाऱ्यापर्यंत सर्वांच्या प्रशिक्षणाचा तिने एकत्रित आढावा घेतला आणि कवायतीबरोबर समाजाची जाण व वृत्ती यांवर भर दिला. त्याआधी 28 ऑगस्ट 1970 रोजी पोलीस संशोधन व विकास ब्यूरोची स्थापना झाली होती. ब्यूरोच्या भोपाळ येथील केंद्रीय अकादमीत आणि इतर केंद्रांत वेगवेगळ्या राज्यांचे अधिकारी एका वर्गात बसतात. देवाणघेवाणीचे शांतपणे चाललेले काम हेच.

निधीचे दोन मोठे प्रवाह आहेत. पोलीस दलांच्या आधुनिकीकरणाची योजना 1969-70 पासून चालू आहे. तीत महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी केंद्र व राज्य यांचा वाटा 60:40 असतो. दुसरी सुरक्षाविषयक खर्च योजना, 1996 पासूनची. नक्षलग्रस्त जिल्ह्यांत सुरक्षा दलांचे प्रशिक्षण व मोहिमा, मृतांच्या कुटुंबांना साहाय्य, आत्मसमर्पितांचे पुनर्वसन, सामुदायिक पोलीस उपक्रम अशा बाबींवर राज्याने केलेल्या खर्चाची प्रतिपूर्ती तीत होते. म्हणजे पैसे आधी राज्याने घालायचे आणि मग देयके व हिशेब सादर करून केंद्राकडून परत मिळवायचे. या पद्धतीत शस्त्रे, इंधन आणि ठरीव अभ्यासक्रम सहज बसतात. तुमसरच्या हवालदाराने आठवडाभर बालाघाट जिल्ह्यातील कटंगीच्या ठाण्यात राहून काम पाहणे तीत बसवणे कठीण असते.

1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि सालेकसा, देवरी, अर्जुनी-मोरगाव हा जंगलपट्टा तिकडे गेला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बालाघाट जिल्ह्यात मध्य प्रदेशचे मंत्री लिखिराम कावरे यांची नक्षलवाद्यांनी हत्या केली. सीमेवरचा धोका वाढत असताना भंडारा नक्षलग्रस्त जिल्ह्यांच्या हिशेबातून बाहेर पडत होता. सुरक्षाविषयक खर्च योजनेतील जिल्ह्यांची संख्या 2018 मध्ये 126 वरून 90, 2021 मध्ये 70 आणि 2024 मध्ये 38 झाली. 2021 च्या यादीत महाराष्ट्रातील गडचिरोली व गोंदिया हे दोनच जिल्हे होते.

यादीतल्या जिल्ह्यांना या पैशाचा खरा उपयोग झाला. 1990 मध्ये गडचिरोलीत उभे राहिलेले सी-60 हे नक्षलविरोधी पथक हजारीबाग, मानेसर, नागपूर आणि छत्तीसगडमधील कांकेर येथे शिकत आले. कांकेरचे जंगलयुद्ध महाविद्यालय 2005 मध्ये ब्रिगेडियर बी. के. पोनवार यांनी उभारले. अनेक राज्यांचे जवान तेथे एकत्र घडले. महाराष्ट्र, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांच्या तिठ्यावरील संयुक्त मोहिमांमागे या एकत्र शिक्षणाचे बळ आहे, असे मानायला जागा आहे.

प्रशासकीय रचनाही भंडाऱ्याला फारशी अनुकूल नाही. महाराष्ट्र पश्चिम क्षेत्रीय परिषदेत, तर मध्य प्रदेश मध्य क्षेत्रीय परिषदेत आहे. शेजारी असूनही दोघे नेहमी एका मेजाभोवती बसत नाहीत. निवडणुकांच्या तोंडावर दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांच्या सीमा बैठका होतात, नाकाबंदीची ठिकाणे ठरतात, फरारींच्या याद्यांची अदलाबदल होते. निवडणूक संपली की हा संपर्क अधिकाऱ्यांच्या व्यक्तिगत स्नेहावर उरतो आणि बदल्यांबरोबर पुसला जातो.

परदेशांशी होणाऱ्या देवाणघेवाणीला याहून पक्का आधार आहे. 1964 मध्ये सुरू झालेल्या भारतीय तांत्रिक व आर्थिक सहकार्य कार्यक्रमात परदेशी प्रशिक्षणार्थींचा प्रवास, निवास व भत्ता भारत सरकार देते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोलीस अकादमीत नेपाळ, भूतान व मालदीवचे अधिकारी शिकतात. युरोपीय संघाच्या ‘सेपोल’ या संस्थेच्या विनिमय कार्यक्रमात तर एका देशाचा अधिकारी दुसऱ्या देशातील समपदस्थासोबत काही दिवस प्रत्यक्ष काम करतो.

पोलीस आधुनिकीकरणाची एकत्रित केंद्रीय योजना 2021-22 ते 2025-26 या काळासाठी 26,275 कोटी रुपयांच्या तरतुदीसह मंजूर झाली होती. तिच्यापुढच्या टप्प्यात यादीबाहेरच्या सीमावर्ती जिल्ह्यांसाठी ठाणे पातळीवरील देवाणघेवाणीचे वेगळे लेखाशीर्ष असायला हवे. प्रवास भत्ता, निवास आणि बदली मनुष्यबळ एवढाच त्याचा खर्च. गोबरवाही–कटंगी ही ठाण्यांची जोडी त्याच्या आरंभासाठी योग्य आहे.