वाढायचं राहून गेलेल्या पेशी



रक्ताचा कॅन्सर म्हटलं की गावात पहिला शब्द निघतो, ‘संपलं’. आम्हीही तसंच धरून चाललो होतो. पण या आजाराच्या एका प्रकाराचा इतिहास कळला आणि आमचं मत बदललं. तोच आज तुम्हाला सांगतो.

आपलं रक्त हाडांच्या मगजात तयार होतं. पांढऱ्या पेशी तिथं लहानाच्या मोठ्या होतात आणि मग रक्तात उतरून जंतूंशी लढतात. वाढता वाढता त्यांच्यातली विकरं बदलतात. भाकरी बराच वेळ चावली की गोड लागते ना? ते लाळेतल्या विकराचं काम. तशीच विकरं प्रत्येक पेशीत असतात. पांढऱ्या पेशीत आधी विकरांचे दाणे गच्च भरतात. पुरती वाढली की जंतू मारायला लागणारं आणखी एक विकर तिच्यात तयार होतं.

या कॅन्सरमध्ये पेशी मध्येच अडकते. समजा, ज्वारीची कणसं चिकातच राहिली, दाणा भरेना, आणि तसल्याच ताटांनी सगळं रान व्यापलं, तर खळ्यावर काय येणार? तसंच हे. पेशी ढीगभर, पण कामाची एकही नाही.

१९७७ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी ३६ वर्षांच्या एका आजारी बाईच्या रक्तातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. त्यांना ‘एचएल-६०’ म्हणतात. १९८० मध्ये थिओडोर ब्राइटमन आणि त्यांच्या सोबत्यांनी त्या पेशींना ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणारं एक आम्ल दिलं. अडकलेल्या पेशी मोठ्या होऊ लागल्या! हे कळलं कसं? एक पिवळसर रसायन घातलं. ज्या पेशीत ते शेवटचं विकर तयार झालं होतं, तिच्यात निळे-काळे ठिपके उमटले. विकरानंच पेशीचं वय सांगितलं.

चीनमधल्या शांघायचे डॉक्टर वांग झेनयी याच वाटेनं विचार करत होते. त्यांच्यासमोर रक्ताच्या कॅन्सरचा एक फार घातक प्रकार होता. त्यात रक्तस्राव थांबत नाही आणि माणूस काही दिवसांतच जातो. जालीम औषधांनी पेशी फुटल्या की रक्तस्राव आणखी वाढायचा. वांग यांनी ठरवलं, पेशी मारायच्या नाहीत, वाढवायच्या. १९८६ मध्ये एका पाच वर्षांच्या मुलीला त्यांनी हे आम्ल तोंडावाटे दिलं आणि ती बरी झाली. १९८८ मध्ये त्यांच्या गटानं २४ रुग्णांची हकिगत छापली. सगळ्यांचा आजार आटोक्यात आला होता.

पण नुसत्या त्या औषधावर आजार पुन्हा उलटायचा. मग दुसरी औषधं जोडली गेली. त्यातलं एक म्हणजे सोमल! हार्बिन शहरातले डॉक्टर १९७० च्या दशकापासून ते वापरत होते. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं ७२ रुग्णांना मुख्यतः त्यावरच ठेवलं. तीन वर्षांनी शंभरात सुमारे ८६ जण जिवंत राहतात, असं त्यांनी २००६ मध्ये मांडलं. आज ही दोन औषधं एकत्र देतात. या प्रकारातले बहुतेक रुग्ण वेळेवर आले तर बरे होतात.

दोन गोष्टी मात्र पक्क्या ध्यानात ठेवा. हे घरगुती औषध नाही. सोमल विष आहे, आणि ते आम्ल पोटातल्या बाळाला इजा करतं. दोन्ही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची. शिवाय रक्ताच्या कॅन्सरच्या बाकीच्या बहुतेक प्रकारांना ती लागू पडत नाहीत.

दुसरी गोष्ट वेळेची. या आजारात आजही जीव जातो तो बहुधा सुरुवातीच्या रक्तस्रावानं. हिरड्यांतून रक्त येणं, काही न लागता अंगावर काळेनिळे डाग पडणं, पाळीत रक्त न थांबणं. दरवेळी तो कॅन्सरच असतो असं नाही, पण अंगावर काढू नका. ‘बायकांना एवढं चालायचंच’ असं कुणी म्हणालं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि रक्त तपासून घ्या. औषध आहे, मैत्रिणींनो. आपण वेळेत पोचलं पाहिजे.