चुना की ऑइलपेंट?

शिरड शहापूरच्या आमच्या जुन्या घराला रंग द्यायचा होता. भिंती मातीच्या, चांगल्या रुंद. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, ऑइलपेंटच देऊ. पुसला की स्वच्छ." मला अजिंठा आठवला. घराच्या रंगात अजिंठा कुठून आला, असे तुम्ही म्हणाल.

आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने अजिंठ्याची चित्रे वाचवण्यासाठी लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ बोलावले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी पक्का केला, हे उपकारच. पण चित्रांवर लाखेचे व्हार्निशही फिरवले. पुढे ते पिवळे पडले, काळवंडले. ते उतरवण्यात पुरातत्त्व खात्याची अनेक वर्षे गेली. हेतू चांगला, लेप चुकीचा!

मातीची भिंत ओल पिते आणि उन्हात सोडते. चुना तिच्या आड येत नाही. भट्टीत भाजून विरवलेली चुनखडी भिंतीवर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते आणि पुन्हा चुनखडीच होते. ऑइलपेंट मात्र ओल आत कोंडतो. मग पोपडे सुटतात, त्यांच्याबरोबर मातीही.

भावाला हे पटले. भिंतींना डिंक आणि चिमूटभर नीळ घातलेला चुना, दारे-खिडक्यांना ऑइलपेंट, असे ठरले. चुना वरचेवर द्यावा लागेल, हे खरे. आजी दर दिवाळीला देतच होती. म्हणून तर रंगवायला घर उरले.